जुन्या ट्रकच्या चाकाचं बेअरिंग सेट करताना: प्ले मोजायचा कसा आणि कधी

लॉक नट, म्हणजे बेअरिंग सेट करणारा नट जागेवर पक्का करणारा वरचा नट, कसण्याआधी चाकाचा प्ले (आत-बाहेर सरकण्याची मोकळीक) पाहिला असेल, तर तो पाहिलाच नाही असं धरून चाला. बेअरिंग सेट करायला नव्याने शिकणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा इथेच फसतं. नट आवळला, थोडा सोडला, चाक हलवून पाहिलं, बरं वाटलं. मग लॉक वॉशर घातला, वरचा नट ताकदीने कसला आणि त्या शेवटच्या आवळण्यात आधी ठेवलेली मोकळीक निघून गेली. चाक हाताने फिरतंच, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. शंका येते ती रस्त्यावर, हब (चाकाचा मधला भाग) तापून ग्रीस पातळ होऊन बाहेर वाहायला लागलं की.

हा लेख ज्या जुन्या ट्रकच्या प्रत्येक हबात दोन सुटी टेपर रोलर बेअरिंग असतात आणि नटाने हाती सेट करावी लागतात, त्यांच्यासाठी आहे. कारखान्यातूनच सेट होऊन येणारे सीलबंद हब वेगळे. त्यांना यातलं काही लागू करू नका.

नट फिरवला की आत काय होतं

हबात आतल्या बाजूला मोठं बेअरिंग आणि बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग: हबात ठोकून बसवलेली बाहेरची रिंग म्हणजे कप, आणि रोलर, पिंजरा व आतली रिंग मिळून झालेला कोन. रोलर निमुळते असतात, कारण चाकाला फक्त वरून भार सोसायचा नसतो. वळणावर बाजूने येणारा रेटाही झेलायचा असतो. बग्ग्या बनवणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी १८९८ साली या बेअरिंगचं पेटंट घेतलं ते याच गरजेतून. दोन्ही बेअरिंग एकमेकांच्या उलट तोंडाने बसलेली असतात. स्टब अ‍ॅक्सलवरचा, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याच्यावरचा नट आवळला की बाहेरचा कोन आत सरकतो आणि दोन्ही बेअरिंगमधली मोकळीक एकदम कमी होते. दुसरीकडे कुठे शिम (फट भरणारी पातळ चकती) नाही, स्प्रिंग नाही. सगळं त्या एका नटावर.

बहुतेक जड ट्रकांना हबाचा आत-बाहेर सरकण्याचा प्ले ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतका हवा असतो. इंची हिशेबात ०.००१ ते ०.००५ इंच. छपाईचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून किती बारीक काम आहे ते कळेल. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

प्ले ठेवायचाच कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. खरं तर बेअरिंगचं आयुष्य सर्वांत जास्त असतं ते अगदी हलक्या दाबाखाली, म्हणजे प्ले शून्याच्या किंचित अलीकडे असताना. पण तो दाब साध्या पान्याने नेमका साधता येत नाही, आणि दाब जरा जास्त झाला तर आयुष्य झपाट्याने खाली येतं. त्यात ब्रेक लावल्यावर ड्रम तापतो, हब तापतो, बेअरिंगमधली मोकळीक बदलते. थोडी ढिलाई असेल तर बेअरिंगचं फार बिघडत नाही. थोडा जास्त दाब झाला तर ग्रीसचा थर फाटतो, रोलर घासतात, रंग निळा पडतो आणि शेवटी कोन स्टब अ‍ॅक्सलला चिकटून बसतो. तिथून चाक निखळायला किंवा आग लागायला फार वेळ लागत नाही.

म्हणून ढिलं सोडलं की झालं, असंही नाही. प्ले फार झाला की भार मोजक्या रोलरवर येतो, ऑइल सीलची ओठाळी (ओठासारखी रबरी कड) झिजते, ड्रम डुलतो म्हणून ब्रेक एकसारखे लागत नाहीत, आणि पुढच्या टायरला जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज येते.

आधी खात्री करा: प्ले बेअरिंगचाच आहे का?

पुढचं चाक हलतंय म्हणून थेट हब उघडू नका. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवा. आता मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे, कारण ब्रेकने ड्रम आणि बॅकप्लेट एकमेकांना पकडली. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर किंग पिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती पिन) आणि तिच्या बुशांकडे पाहा. उजव्या-डाव्या बाजूने धरून हलवल्यावर जास्त खेळत असेल तर स्टिअरिंगच्या रॉडचे बॉल जॉइंटही तपासा. किंग पिन झिजलेली असताना बेअरिंग आवळून चाक घट्ट करायचा प्रयत्न झालेल्या गाड्या पुष्कळ दिसतात, आणि मग दोन्ही गोष्टी बिघडतात.

हब उतरवणं

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅकने उचलायचं, पण टेकवायचं घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर. जॅकच्या भरवशावर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. मागच्या चाकांसाठी पार्किंग ब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळ्यांचं काम आधी. स्प्रिंग ब्रेक असलेल्या गाडीत त्याचा चेंबर उघडण्याच्या फंदात नवशिक्याने पडू नये. आतली स्प्रिंग जीव घेण्याइतकी ताकदवान असते.

ब्रेकचे शू अ‍ॅडजस्टरने पूर्ण मागे घ्या. ड्रम सुटायला सोपं जातं हे एक. पण खरं कारण पुढे आहे: बेअरिंग सेट करताना शू ड्रमला घासत असेल तर तुमच्या हाताला जो जडपणा लागतो तो बेअरिंगचा की ब्रेकचा हे कळत नाही.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून काढा आणि मास्क लावा.

मागच्या हबातून आधी अ‍ॅक्सल शाफ्ट काढावा लागतो. फ्लँजचे नट काढल्यावर काही गाड्यांत स्टडभोवती फाटलेल्या, निमुळत्या बुश असतात. फ्लँजच्या मधोमध पितळी हातोड्याने ठोका मारला की त्या सुटतात, कधीकधी उडतात. चष्मा घाला, समोर उभं राहू नका. खाली भांडं ठेवा, कारण डिफरन्शिअलचं तेल बाहेर येईल.

मग हबचं झाकण, स्प्लिट पिन किंवा लॉक वॉशर, लॉक नट, आणि त्याखालचा अ‍ॅडजस्टिंग नट, ज्याने बेअरिंग सेट होतं तो. नट सुटत नसेल तर ताकद लावण्याआधी आटे पाहा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात. छिन्नी आणि हातोड्याने नट फिरवायची सवय अनेक गॅरेजांत आहे. ती सोडा. कडा तुटलेल्या नटावर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नीट बसत नाही आणि छिन्नीचा लोखंडी चुरा बेअरिंगमध्ये जातो. योग्य मापाचा सॉकेट बनवून घ्यावा लागला तरी घ्या.

धुणं आणि पारखणं

बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवा. हवेने वाळवायचं असेल तर कोन घट्ट धरा, फिरू देऊ नका. हवेच्या जोराने बेअरिंग भिरभिरवलं तर रोलर कोरडे घासतात, आणि पिंजरा तुटून रोलर गोळीसारखे सुटल्याने माणसं जखमी झाली आहेत.

चांगल्या उजेडात प्रत्येक रोलर फिरवून पाहा. पृष्ठभागावरून पापुद्रे निघालेले, कपावर रोलरइतक्याच अंतरावर आडवे खळगे, पाणी शिरल्याचे काळे डाग, उष्णतेने आलेली निळसर झाक, वाकडा पिंजरा: यातलं एकही दिसलं तर बेअरिंग बाद. कोन बदलला तर कपही बदलायचा. जुन्या कपावर नवा कोन चालवून पैसे वाचत नाहीत.

कप काढताना पितळी सळईने समोरासमोरच्या बाजूंना आलटून पालटून ठोका. नवा कप बसवताना तो तिरका जाऊ देऊ नका. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, भरीव होतो. तरी आवाजावर थांबू नका. कप आणि हबचा खांदा यांच्यामध्ये ०.०५ मिलिमीटरचं फीलर गेज कुठूनही शिरता कामा नये. कप पूर्ण बसलेला नसेल तर तो गाडी चालताना बसतो आणि तुम्ही नीट मोजून ठेवलेला प्ले दुप्पट-तिप्पट होतो. कप हबात हाताने फिरत असेल तर तो हबच बदलायला झाला आहे. टोच्या मारून किंवा वेल्डिंगचे ठिपके देऊन घट्ट केलेला कप वाकडा बसतो.

स्टब अ‍ॅक्सल पुसून आटे तपासा. अ‍ॅडजस्टिंग नट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. मध्येच अडत असेल तर टॉर्क पान्यावर दिसणारा आकडा आट्यांच्या घर्षणाचा असेल, बेअरिंगवरच्या दाबाचा नाही.

ग्रीस

नवं ऑइल सील, ओठाळी बेअरिंगकडे. जुनं सील परत वापरू नका.

ग्रीस कोनात आतून भरलं पाहिजे, वरून माखून उपयोग नाही. तळहातावर ग्रीस घेऊन कोनाची रुंद बाजू त्यात दाबत राहा, पलीकडून रोलरांच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग कोन थोडा फिरवून पुढचा भाग. हबाच्या आतल्या भिंतीला, कपांच्या कडेपर्यंत ग्रीसचा थर द्या म्हणजे पातळ झालेलं ग्रीस बेअरिंगपासून दूर पळणार नाही. पण पूर्ण पोकळी ठासून भरू नका. उष्णतेला जायला जागा राहत नाही आणि सीलवर दाब येतो. दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका. लिथियमचं ग्रीस दुसऱ्या साबणाच्या ग्रीसमध्ये गेलं तर काही वेळा दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. जुनं सगळं काढून धुतलं असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

तेलावर चालणारा हब असेल तर कोन त्याच तेलात बुडवून बसवा. ग्रीस भरायचं नाही.

आवळणं आणि सोडणं

आता मुख्य काम. जड ट्रकांसाठी अमेरिकेतल्या टेक्नॉलॉजी अँड मेंटेनन्स कौन्सिलने आरपी ६१८ नावाची एक पद्धत ठरवून दिलेली आहे. पुढचे आकडे तिचेच. हलक्या पिकअपला हे लावू नका. तिथे सुरुवातीचा टॉर्क १५-१६ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि २७० न्यूटन-मीटरने तिचं बेअरिंग चिरडेल.

हब, बाहेरचा कोन, अ‍ॅडजस्टिंग नट बसवा. शक्यतो टायर न लावता काम करा, कारण टायरच्या वजनाने हाताला काही कळत नाही. हब एका हाताने किंवा मदतनिसाकडून सतत फिरवत ठेवा आणि नट २७० न्यूटन-मीटर, म्हणजे २०० फूट-पाउंडला आवळा. फिरवत ठेवणं हा या पायरीचा जीव आहे. हब थांबवून आवळलं तर रोलर तिरके राहतात, त्यांची रुंद टोकं कोनाच्या काठाला नीट टेकत नाहीत. टॉर्क तर दिसतो, पण बेअरिंग जागेवर बसलेलं नसतं. दोन्ही दिशांना फिरवा.

मग नट एक पूर्ण फेरा सोडा. हब फिरवत राहूनच पुन्हा ६८ न्यूटन-मीटरला, म्हणजे ५० फूट-पाउंडला आवळा. पहिल्या आवळण्याने सगळं बसवलं, दुसऱ्याने एक ठरलेली सुरुवात मिळाली.

आता शेवटचं सोडणं, आणि ते आट्यांवर अवलंबून. मागच्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या चाकांना इंचाला १२ आटे असतील तर पाव फेरा, ८ आटे असतील तर एक अष्टमांश. पुढच्या चाकाला एकच नट आणि स्प्लिट पिन असेल तर १२ आट्यांना एक षष्ठांश फेरा, १८ आट्यांना पाव.

इथे थांबून हिशेब करून पाहा. इंचाला १२ आटे म्हणजे एका फेऱ्यात नट सुमारे २.१२ मिलिमीटर सरकतो. पाव फेऱ्यात ०.५३. पण आपल्याला तर जास्तीत जास्त ०.१२५ हवे आहेत! उरलेलं जातं कुठे? थोडं त्या ५० फूट-पाउंडच्या दाबाने दबलेलं हब आणि अ‍ॅक्सल मोकळं होण्यात जातं. बाकीचं लॉक नट खातो. नट सुटा असताना त्याचे आटे अ‍ॅक्सलच्या आट्यांत थोडे सैल असतात. वरचा लॉक नट कसला की तो खालच्या नटाला आत ढकलतो आणि आट्यांतली ती सैलाई संपते. आटे जितके झिजलेले, तितका नट जास्त आत जातो. म्हणूनच दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांना तेवढाच पाव फेरा सोडून वेगवेगळा प्ले मिळतो, आणि म्हणूनच लॉक नट कसण्याआधीच्या मापाला अर्थ नाही. फेऱ्याचा अपूर्णांक ही फक्त सुरुवात. खरं उत्तर डायल गेज, म्हणजे बारीक सरकणं सुईने दाखवणारं मापक, देतं.

लॉक वॉशर घाला. त्याचं भोक किंवा दात नटाच्या पिनेशी जुळत नसेल तर वॉशर उलटा करून पाहा, बहुतेक वेळा जुळतो. तरी नाही जुळला तर नट किंचित सोडा, आवळू नका. स्प्लिट पिनेच्या नटालाही हाच नियम: मागच्या खाचेवर जायचं. लॉक नट त्याच्या ठरलेल्या टॉर्कला कसा. ६७ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे २ ५/८ इंचापेक्षा लहान नटांना तो २७० ते ४०० न्यूटन-मीटर असतो. त्याहून मोठ्यांना वॉशरच्या प्रकारावर ठरतो, मॅन्युअल पाहा. लॉक नट कसताना खालचा नट सोबत फिरत नाही ना, यावर नजर ठेवा. खूण करून ठेवली तर लगेच दिसतं.

मोजणं

डायल गेजचं चुंबक हबाच्या किंवा ड्रमच्या तोंडावर बसवा, टोक अ‍ॅक्सलच्या मधल्या सपाट भागावर. टोक अ‍ॅक्सलच्या रेषेतच असलं पाहिजे, तिरकं असेल तर आकडा चुकेल.

ड्रम किंवा हब घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरा. आत ढकला आणि ढकलत असतानाच थोडं डावीकडे-उजवीकडे फिरवा, म्हणजे रोलर जागेवर येतात. आकडा स्थिरावला की गेज शून्यावर आणा. आता तितक्याच जोराने बाहेर ओढा, पुन्हा फिरवत. दिसणारा फरक म्हणजे प्ले. बारा आणि सहाच्या जागी धरून डोलवू नका. डोलवल्यावर बेअरिंगचं तिरपं होणं मोजलं जातं, सरकणं नाही, आणि तो आकडा नेहमी मोठा येतो.

०.०२५ ते ०.१२५ मध्ये आला तर काम झालं. कमी आला, किंवा सुई हललीच नाही, तर लॉक नट सोडून अ‍ॅडजस्टिंग नट अगदी थोडा सोडा. जास्त आला तर थोडा आवळा. प्रत्येक वेळी लॉक नट पूर्ण टॉर्कला कसून मगच पुन्हा मोजा. पहिल्यांदा हे तीन-चार वेळा करावं लागतं, त्यात वैतागू नका. सुई हलत नसताना ‘शून्य म्हणजे एकदम परफेक्ट’ असं मानून सोडून देणं हा सर्वांत धोकादायक निष्कर्ष आहे. शून्य दिसतंय याचा अर्थ प्ले शून्य असेल किंवा आत भरपूर दाब असेल. गेज यातला फरक दाखवू शकत नाही.

डायल गेज नसेल तर ते मिळवा. जड ट्रकाच्या हबाचा ०.०५ आणि ०.२ मिलिमीटरमधला फरक हाताला कळतो असं मानणाऱ्या अनुभवी माणसांबद्दल मला आदर आहे, पण त्या मापासाठी मी हातावर विसंबत नाही.

बंद करणं आणि पहिली फेरी

माप बरोबर आलं की वॉशरचे दात नटाच्या सपाट बाजूवर पक्के वाकवा. वॉशर आणि स्प्लिट पिन नवेच वापरा. वाकवून सरळ केलेला दात पुन्हा वाकवला की तुटतो. झाकणाची गॅस्केट बदला. तेलाचा हब असेल तर काचेवरच्या खुणेपर्यंत तेल भरा, ते आत झिरपून पातळी उतरते म्हणून थोड्या वेळाने परत पाहा. मागच्या हबाला डिफरन्शिअलच्या तेलाची पातळीही भरून घ्या. शू पुन्हा अ‍ॅडजस्ट करा, चाक लावा, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने ठरलेल्या टॉर्कला कसा.

पंधरा-वीस किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा. थांबल्यावर सगळ्या हबांचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. तो नसेल तर हात आधी हबाजवळ न्या, लगेच टेकवू नका. कोमट असणं ठीक. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन हबांत मोठा फरक असेल तर गरम हबाचा ड्रम आधी पाहा, शू घासत असेल. शू मोकळे असूनही हब तापत असेल तर गाडी पुढे नेऊ नका, उघडा आणि पुन्हा मोजा.

चाकाचे नट ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्कला तपासा. नवे कप घातले असतील तर काही दिवसांनी डायल गेज परत लावा. कप किंचित बसल्याने प्ले वाढलेला सापडू शकतो. मोजलेला आकडा, तारीख आणि किलोमीटर गाडीच्या वहीत प्रत्येक चाकापुढे लिहा. पुढच्या वेळी ०.०८ वर सोडलेलं चाक ०.२ वर दिसलं तर त्या हबाकडे लक्ष द्यायचं हे वहीच सांगेल.